फाटकासाठी उपोषण

एका कंपनीने आमच्या लहानपणाची फसवणूक केली, हे आधीच स्पष्ट सांगून टाकतो. गेम होता एका हरकाऱ्याचा. हातात कंदील, खांद्याला पत्रांची पिशवी, आणि समोर राक्षसांनी भरलेला डोंगर. शाळेत असताना कर्जतच्या एका सायबर कॅफेत आम्ही तो खेळायचो. सगळा डोंगर पार केला की हरकारा एका बंद फाटकापाशी पोचायचा आणि पडद्यावर अक्षरं यायची : पुढचा भाग लवकरच. तो भाग कधी आलाच नाही. कंपनीने गेम गुंडाळला. मी मेल केले, चांगले खरमरीत केले, एकाचंही उत्तर नाही. म्हणजे तो बिचारा आजही फाटकापाशी उभा आहे, पिशवीत कुणाचं तरी पत्र घेऊन. लोकांची गोष्ट अर्ध्यात सोडून पळणाऱ्यांना जाब विचारायला नको का?

जाब विचारून झाला, उपयोग झाला नाही, तेव्हा पुढचा भाग आम्हीच करायला घेतला. आम्ही म्हणजे तिघं. कोडिंग शेलू गावातल्या मैत्रिणीकडे. ती कॉलेजात आमच्या वर्गात होती आणि तेव्हाही आमच्यापेक्षा हुशार होती. चित्रं आणि आवाज कुंभिवलीच्या मित्राकडे. त्याच्या घरचं हायवेवर टायरचं दुकान आहे, आणि आमच्या राक्षसाची डरकाळी म्हणजे त्या दुकानासमोर करकचून थांबलेल्या ट्रेलरचा ब्रेक. मी कळंबचा. माझ्याकडे गोष्ट आणि संवाद, कारण मला पत्रकं लिहायची सवय. रिसॉर्टच्या डीजेविरुद्ध, रस्त्याच्या खड्ड्यांविरुद्ध, बंद केलेल्या एसटीविरुद्ध, कशाविरुद्ध म्हणाल त्याविरुद्ध मी पत्रक लिहिलेलं आहे. गेम फुकट वाटायचा, यावर तिघांचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं.

मे महिन्यातल्या पहिल्याच रविवारी टायरच्या दुकानाच्या माळ्यावर आम्ही बसलो, उरलेलं काम ठरवायला. ठरवणं भागच होतं. शेलूच्या मैत्रिणीला पुण्यात नोकरी लागली होती. महिनाअखेरीला ती जाणार, आणि नंतर वेळ मिळेल अशी खोटी आशा तिने आम्हाला दाखवली नाही. त्याआधी गेम पुरा झाला तर झाला.

मी तयारीनिशी गेलो होतो. उभा राहून मागण्या वाचून दाखवल्या. पाऊस पडणारा डोंगर झालाच पाहिजे. दोन नवे राक्षस झालेच पाहिजेत. फाटकापलीकडच्या गावकऱ्यांचा राजवाड्यावर मोर्चा झालाच पाहिजे, आणि मोर्चातल्या प्रत्येक माणसाचा चेहरा वेगळा असलाच पाहिजे. शेवटी म्हणालो, "यातली एकही मागणी मागे घेतली जाणार नाही."

"छान," शेलूवाली म्हणाली. "आता हे कुणाला द्यायचं? तहसीलदारांना?"

"म्हणजे?"

"मागण्या कुणाकडे करतोयस रे? समोर कोण आहे?"

समोर ती होती आणि टायरवर पाय सोडून बसलेला कुंभिवलीवाला होता. माझी सगळी पद्धत इथेच गडबडली. मोर्चात आपण दहा मागतो, कारण समोरचा घासाघीस करून चारच देणार हे पक्कं माहीत असतं. इथे समोर कुणी नव्हतंच. दहा मागितले तर दहाही आम्हालाच करायचे होते.

"मोर्चा आला की साध्या फोनवर गेम अडकतो," ती म्हणाली.

"मोर्चा आल्यावर अडकायलाच पाहिजे. नाहीतर मोर्चा कशाला?"

"आन तोंडं कुठून आणू?" कुंभिवलीवाला म्हणाला. "माजे सगले काका, मामा काढून झाले. आता फक्त गिऱ्हाईकं उरल्यात."

मग तिने शांतपणे सांगितलं की वर्षभर आम्ही मोर्चाच रंगवतोय, आणि ज्या फाटकासाठी एवढा खटाटोप केला ते फाटक अजून उघडतच नाही. हरकारा धक्का मारतो, फाटक ढिम्म. त्याआधीच्या पुलावरून तो मधूनच खाली गडप होतो. संवादातली जोडाक्षरं फुटून दोन तुकडे दिसतात. खेळ मध्ये थांबवला तर पुन्हा पहिल्यापासून. एवढं नीट करायलाच महिना पुरेल न पुरेल. मोर्चा ठेवला तर नाहीच पुरणार.

मी म्हणालो, मोर्चा हा गेमचा आत्मा आहे.

तेवढ्यात खालून गरम कांदाभजी आली. कुंभिवलीवाल्याने ताट उचलून लांब ठेवलं आणि शेलूवालीशेजारी मांडी घालून बसला.

"आमी उपोषणाला बसलोय. मोर्चा रद्द होत नाय तोवर."

"साखळी की आमरण?" तिने विचारलं.

"भजी गरम हाय तोवर आमरण. मग बघू."

मी हसलो. एक भजी उचलली. दोन उपोषणकर्ते समोर बसून बघत असताना भजी घशाखाली उतरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. एसटीसाठी आम्ही उपोषणाला बसलो होतो तेव्हा तालुक्याच्या साहेबांनी समोरच डबा उघडून जेवण केलं होतं. त्यांच्या घशाचं मला आजही आश्चर्य वाटतं.

"तुमच्या भावना मी समजू शकतो," मी म्हणालो. "पण यात तांत्रिक बाबी आहेत. थोडा वेळ द्या. सकारात्मक विचार करू."

दोघं एकमेकांकडे बघून खिदळायला लागले. मलाही ऐकू आलं होतं. हे माझं बोलणं नव्हतंच, तालुक्याच्या ऑफिसातलं होतं, टेबलापलीकडचं.

"साहेब, लेखी द्या," ती म्हणाली.

"तोंडी आश्वासनावर उठायचं नाय," कुंभिवलीवाला म्हणाला. "तूच शिकवलंस रं."

मी तरीही ताणून धरलं असतं. मला ताणता येतं. पण ती हसायची थांबली आणि म्हणाली, "मी जाईन पुण्याला. तो तिथेच उभा राहील, कंदील घेऊन. मग कंपनीत आणि आपल्यात फरक काय रे?"

बाकीच्यांना गप्प करायला मी असलीच वाक्यं वापरतो.

मागण्यांच्या कागदाच्या पाठीमागे लिहून दिलं : मोर्चा रद्द. पाऊस रद्द. नवे राक्षस रद्द. आधी फाटक, मग पूल, मग अक्षरं, मग खेळ मध्येच थांबवायची सोय. खाली सही. पण सहीवर ते उठेनात. रीत म्हणजे रीत. मी खाली जाऊन कोपऱ्यावरून लिंबू सरबताचे दोन ग्लास आणले आणि दोघांच्या हातात दिले. कुंभिवलीवाल्याने माझ्याकडे फोन धरून फोटो काढला. 'उपोषण सोडवताना साहेब' असं लिहून तो त्याने आमच्या ग्रुपवर टाकला आणि मग दोघांनी मिळून माझ्या वाटणीची भजीसुद्धा संपवली. जाहीर निषेध.

उरलेला महिना माझ्याकडे एकच काम होतं. पुलावरून हरकाऱ्याला पुन्हा पुन्हा चालवायचं आणि तो कुठल्या फळीवर गडप होतो ते सांगायचं. पत्रकं लिहिणारा माणूस फळ्या तपासत होता. मोर्चा हाच गेमचा सगळ्यात चांगला भाग होता, असं माझं मत होतं, आहे, आणि ते मी कुठेही माईकवर सांगायला तयार आहे.

तिची बॅग भरून झाली होती, तेव्हा आम्ही शेवटचे माळ्यावर जमलो. मी हरकाऱ्याला पुलावरून नेलं. कुठेही गडप झाला नाही. कंदील घेऊन तो फाटकापाशी उभा राहिला आणि त्याने धक्का मारला. फाटक सरकताना खडखडाट झाला, तो टायरच्या दुकानाच्या शटरचा होता. कुंभिवलीवाल्याने पहाटे दुकान उघडताना तो टिपून ठेवला होता. पलीकडे एक पायवाट, एक घर आणि दारात पत्राची वाट बघणारी एक बाई. बस. शाळेपासून बंद असलेलं फाटक उघडलं होतं, आणि मी घोषणा द्यायला हात वर केला.

"गप बस रे," शेलूवाली म्हणाली. "शटर ऐकू दे."