राणीसाहेबांना आवतण

प्रिय रोहन, अनन्या,

परवा फोनवर विचारलंत, "आजी, तुला राणीचं भूत दिसलं होतं ना?" दिसलं नव्हतं. तुमचा बाबा दरवेळी मीठमसाला घालतो, म्हणून जे झालं तेवढंच नीट लिहून ठेवते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता... आजही फारसा नाही.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. नागपूरहून कुहीकडे जाताना, धानाच्या बांध्यांमध्ये एका जुन्या राजघराण्याची कोठी होती. तिथे मुलींची शाळा निघाली आणि मला हेडमिस्ट्रेस नेमलं. मुली फक्त चार! तरुणपणीच विधवा झालेल्या राणीसाहेब कोठीत अजून वावरतात, म्हणून गाव पोरी पाठवेना. महिनाअखेर वीस मुली झाल्या नाहीत तर शाळा बंद, असा वरून हुकूम होता.

मी संक्रांतीचं हळदीकुंकू कोठीतच ठरवलं. आया आत आल्या की त्यांची भीती जाईल. वाण म्हणून प्रत्येकीला पाटी!

दुपारी तीनला बायका जमल्या – आणि दिवाणखान्याचं दार उघडेना. आतून कडी लागलेली. खिडक्यांना गज, दुसरं दार नाही, गजांतून डोकावलं तर आत कुणी नाही. तासाभरापूर्वी मीच ते बाहेरून ओढून घेतलं होतं. बायका मागे सरकू लागल्या.

पायरीखाली आमची झाडलोट करणारी सखूबाई बसली होती. सकाळपासून पाट तिनेच मांडले होते. पण ती विधवा, तिला बोलवायचं मला सुचलंही नव्हतं.

"काय वं बाई, गावभर आवतन देलं, अन् घरमालकिनीलेच इसरल्या!"

"अहो, त्या कशा येतील? हळदीकुंकवाला..."

"काहून? आमाले काय तिळगूळ कडू लागते?"

कुणीतरी खुदकन हसलं. माझी मान खाली गेली. करंडा घेऊन पायऱ्या उतरले आणि पहिलं कुंकू सखूबाईला लावलं. मग दाराकडे वळून, हजेरी घेते तशा आवाजात म्हणाले, "राणीसाहेब, आपल्याच घरी हळदीकुंकू आहे. यायचं बरं का!"

आतून कडी सरकली. सगळ्यांनी ऐकली. दार उघडलं... आत कुणीच नव्हतं.

"चला वं, काय पाहून राहिल्या!" म्हणत सखूबाई पुढे झाली आणि तिच्यामागे सगळ्याजणी. आठवड्याभरात पटावर सत्तावीस मुली होत्या! हुकूम रद्द झाला.

नंतर सुताराला दार दाखवलं. कडी इतकी गंजलेली, की दोघांनी ओढूनही हलेना. मग ती लागली कशी आणि सरकली कशी, मला आजही सांगता येत नाही.

कोठी आता पडली आहे. शेजारी बांधलेल्या इमारतीत शाळा चालू आहे, आणि दर संक्रांतीला तिथे गावातल्या सगळ्या बायकांना कुंकू लावतात.