शामकला दाखला आणत नाही

शामकला सलामे आश्रमशाळेत स्वयंपाकीण आहे. दीडशे पोरांचा भात रोज तिच्या हाताखालून उतरतो. एकदा हेडमास्तर म्हणाले, डाळीत जरा पाणी वाढव. पळी हातात तशीच धरून ती म्हणाली, "आधी तुमच्या ताटातल्या डाळीत वाढवू का, सर?" गावात तिला भांडकुदळ म्हणतात. म्हणोत बापडे.

गाव आमगावच्या पलीकडचं, जंगलाला टेकलेलं. तीन वर्षांपूर्वी धानाची कापणी आटोपली आणि तिच्या नवऱ्याच्या, इतवारीच्या, बांधाशी सागवानाचे चार लठ्ठे निघाले. कोणी आणून टाकले ते बडादेवालाच ठाऊक. संध्याकाळी जंगलखात्याचे गार्ड आले, चोरीचा माल म्हणाले, कागदावर इतवारीचा अंगठा घेतला आणि त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेले. इतवारी जात्याच अबोल. घरात गोंडी बोलणारा माणूस; साहेबापुढे त्याची मराठी घशातच अडकते.

दुसऱ्या दिवशी खिचडीचं पातेलं सोबतिणीच्या हवाली करून शामकला तालुक्याच्या कोर्टात पोचली. व्हरांड्यात छोटेलाल आडवा आला. हा ना वकील, ना कारकून. कोर्टाच्या आवारात फिरून गिऱ्हाईक गाठायचा, एवढाच याचा धंदा.

"भौजी, टेन्शन मत लो," तो म्हणाला. "साहेबानं विचारलं का गलती झाली म्हणावं. सस्ते में सुटते मामला."

"अन् त्यानं केलंच नाई तं?"

"किया, नहीं किया, कौन पूछता है? वकील कोठून आणता तुम्ही?"

शामकलाचं डोकं फिरलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शाळेच्या सभागृहात कायद्याचं शिबिर झालं होतं. बायका सतरंजीवर बसल्या होत्या, आणि ही पोह्यांची परात घेऊन दारात उभी. गोंदियाहून आलेली एक वकीलबाई सांगत होती, की ज्याला वकील परवडत नाही त्याच्यासाठी सरकारनेच पगारी वकील नेमलेत. त्यांना लोकअभिरक्षक म्हणतात. राज्याच्या नियमात उत्पन्नाची मर्यादा आहे, पण बाईमाणसाला, आदिवासीला आणि कोठडीतल्या माणसाला ती मर्यादा लागूच नाही, कायद्याचं बारावं कलम तसं सांगतं. पोहे निवले होते, पण शामकलाने ते शब्द तेवढे गरम गरम उचलले होते.

दुपारी इतवारीला उभं केलं. न्यायाधीशांनी विचारलं, "वकील आहे का?" इतवारी खाली बघत राहिला. मागच्या बाकावरून आवाज आला, "नाई साहेब, नाई. पण पाह्यजे!"

शिपाई तिला खाली बसवायला धावला. ती बसली नाही.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"याची बायको. थो मराठीत बोलू नाई शकत, म्हणून मी बोलून राहिली. याले सरकारी वकील द्या. लढायचा वाला, फसवायचा वाला नाई."

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीश हसले नाहीत. "अर्ज द्या," म्हणाले.

कोर्टातल्याच विधी सेवा कार्यालयात टेबलामागच्या माणसाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "उत्पन्नाचा दाखला जोडा. तहसीलमधून आणा."

"नाई आणत."

"मग अर्ज पुढे जाणार नाही, बाई."

"माणूस कोठडीत हाये अन् आदिवासी हाये. दोनपैकी एक असलं तरी दाखला लागत नाई. तुमच्या कायद्यात बारावं कलम हाये, थे वाचा. मी इथंच उभी आहो."

आणि ती खरंच उभी राहिली. रांग मागे वाढली, लोक कुरकुरले. शेवटी त्या माणसाने आत जाऊन विचारलं, बाहेर आला आणि शिक्का मारला.

दुसऱ्याच दिवशी लोकअभिरक्षक कार्यालयातून रीता बिसेन आल्या. वय तिशीचं, आवाज शांत. इतवारी त्यांच्याशीही बोलेना, तेव्हा शामकलाने दोघांच्या मध्ये बसून त्याची गोंडी मराठीत आणली. आठवड्याभरात जामीन झाला. खटला मात्र लांबला. तारखेमागून तारीख, एसटीचे हेलपाटे. एका तारखेच्या सकाळी इतवारी उठेचना.

"कबूल करून टाकतो," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "सुटलो एकदाचा."

शामकला त्याच्यासमोर जाऊन बसली. "तू सुटशील. मंग मी दीडशे पोरायले चोराची बायको म्हणून वाढू? उठ."

तो उठला. पण त्या दिवशी एसटीत ती खिडकीकडे तोंड करून रडली, हे फक्त त्यालाच माहीत आहे.

उलटतपासणीला लठ्ठ्यांच्या पंचनाम्यावर सही करणारा पंच पिंजऱ्यात उभा राहिला. रीताबाईंनी एकच गोष्ट धरून ठेवली.

"लठ्ठे तुमच्यासमोर मोजले?"

पंच घुटमळला. "मोजले असतीन."

"तुम्ही तिथे होतात का?"

"मी तं गोरेगावच्या बाजारात होतो, मॅडम. सही मंग केली."

"कागदावर काय लिहिलं होतं?"

"काहीच नाई. कोरा होता."

निकाल लागायला आणखी पाच महिने गेले. न्यायाधीशांनी निर्दोष म्हटलं तरी इतवारी हात जोडून तसाच उभा. त्याला कळलंच नव्हतं. शामकलाने कानाशी लागून गोंडीत सांगितलं, तेव्हा त्याने एकच विचारलं: जीप पुन्हा आली तर?

"आली तं येऊ दे," ती मराठीत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "आता कोणाले बोलवाचं थे मले माहीत हाये."