एका रविवारात काढलेला आठवडा

आमच्या बाभुळगावात इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. पत्र्याची शेड, गेटवर हसऱ्या मुलांचं चित्र आणि पिवळी व्हॅन एवढं जमलं की कॉन्व्हेंट झालं. माझी मुलगी अशाच एका कॉन्व्हेंटात तिसरीत होती. त्या वर्षी शाळेच्या संचालकांना अचानक कुटुंबाचा शोध लागला. मुलांचं चारित्र्य शाळेत नव्हे, घरात घडतं, असं त्यांनी पालकसभेत माइकवरून सांगितलं. सभेला माणसं इतकी कमी होती की हे नुसत्या आवाजातही सांगता आलं असतं.

मग योजना आली: ‘संस्कार तास’. रोज संध्याकाळी सात ते आठ टीव्ही बंद, मोबाइल बंद, सगळ्या कुटुंबानं एकत्र बसून वाचायचं आणि पुरावा म्हणून फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. ज्या कुटुंबाचा एकही दिवस चुकणार नाही त्याचा दिवाळीच्या आधी जाहीर सत्कार होणार होता.

“मोबाइल बंद ठेवून फोटो कशानं काढायचा?” मी विचारलं.

संचालक सगळ्यांकडे बघून हसले. “मॅडम लायब्ररीत असतात ना, म्हणून.”

तालुक्याच्या वाचनालयात मी पुस्तकं देते-घेते. त्यामुळे गावात माझ्या शंकांना आजार समजतात.

घरी हे सांगितल्यावर पहिली हरकत सासूबाईंची आली. “फी बी घेते अन् वरून आपल्या घरचा टीव्हीबी बंद करते? लय झाली शाळा!”

माझे यजमान मात्र हरखले. त्यांचं कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकतात. दहावीनंतर त्यांची शाळा सुटली, आणि शाळेत असतानाही घरात कोणी त्यांचा अभ्यास घ्यायला बसलं नव्हतं. हे ते तक्रार म्हणून कधी सांगत नसत. पण मुलीच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता.

मुलीचं वाचन वाईट होतं. कॉन्व्हेंटच्या कृपेनं मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत ती सारखीच अडत होती. मी वाचनालयातून रस्ता चुकलेल्या अस्वलाच्या पिल्लाची गोष्ट आणली. चित्रं कमी, मजकूर बऱ्यापैकी, पण अक्षर मोठं.

आणि मला मान्य करायला हवं की सुरुवातीला तो तास खरंच झाला. पेरण्या उरकल्या होत्या, दुकानात गर्दी नव्हती. यजमान साडेसहालाच घरी येत. एक परिच्छेद ती, एक ते. जोडाक्षर आलं की दोघंही अडत. ती ते फोडून फोडून म्हणायची आणि मग बापाला दटावायची, “बाबा, तुम्ही घाईनं वाचता. बोट ठेवा न त्याच्यावर.”

“हो मॅडम,” ते म्हणत आणि खरंच बोट ठेवत.

पिल्लू मोहाच्या झाडाखाली झोपलं त्या दिवशी ती म्हणाली, “त्याले भेव नसन लागत काय वो, बाबा?”

“लागत असन ना. पण कोणाले सांगीन थो?”

“मले सांगीन,” ती म्हणाली.

पिल्लाच्या काळजीपायी ती दिवसासुद्धा पुस्तक उघडून बसायची. दुकानात गेली की औषधाच्या डब्यांवरचा बारीक मजकूर, यवतमाळच्या एसटीची पाटी, जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची. सासूबाईसुद्धा टीव्ही विसरून विचारत, “मंग काय झालं त्या अस्वलाचं?” फोटोची आठवण आम्हाला बहुधा तास संपल्यावर होई, आणि तो हललेला येई.

मग ग्रुपवर संचालकांनी आमच्या एका फोटोखाली लिहिलं: ‘आदर्श कुटुंब!’ त्याखाली जोडलेल्या हातांची आणि फुलांची रांग लागली. दुकानात गिऱ्हाइकं म्हणू लागली, “भाऊ, तुमचाच नंबर लागते.” ह्यांनी बैठकीत जास्त उजेडाचा दिवा लावला. भिंतीवरचं खत कंपनीचं कॅलेंडर काढून तिथं माझ्या पुस्तकांचं कपाट सरकवलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी माझी पुस्तकं दर्शनी भागात आली ती अशी.

ऑगस्टात फवारणीचा हंगाम आला. दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं राहू लागलं. एक दिवस चुकला तर नाव यादीतून जाणार. तेव्हा ह्यांनी तोडगा काढला. रविवारी दुपारी सगळ्यांना बसवायचं आणि पूर्ण आठवड्याचे फोटो एकदमच काढायचे. सोमवारसाठी मुलीला शाळेचा गणवेश, मंगळवारी फ्रॉक, गुरुवारी माझी साडी वेगळी, शुक्रवारी त्यांनी कुर्ता घालायचा. आणि दर वेळी पुस्तकाचं वेगळं पान.

सासूबाई तिसऱ्यांदा लुगडं बदलताना म्हणाल्या, “माह्या लग्नातबी एवढे कपडे बदलले नोते म्या.”

“एका दुपारी आठवडा वाचून होतो का?” मी विचारलं.

“तुह्या लायब्ररीत तरी कोण येते वाचाले?” ते चिडले. “इथं घरात वाचन चालू केलं त तुले तेही पाहवत नाही.”

“वाचन कुठं चालू आहे? फोटो चालू आहेत.”

“हंगाम संपू दे. मंग वाचूच न आपण.”

पिल्लू तोवर नदीच्या काठावर पोचलं होतं. पलीकडून कोणाचा तरी आवाज येत होता. पहिल्या रविवारी मुलीनं विचारलं, “बाबा, पुढचं वाचू?”

“बेटा, पान पलट फक्त. अन् तोंड थोडं वर कर, सावली पडून राह्यली.”

पुढच्या रविवारीही तिनं विचारलं. त्यानंतर विचारणं बंद झालं. मी एकटीनं तिला घेऊन बसायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, “बाबांसंग वाचून राह्यली ना मी हे.” मग फोटोच्या वेळी कोणी न सांगता ती हनुवटी उचलू लागली.

आमचाच नंबर लागला. सत्काराला प्रमुख पाहुणे यवतमाळहून उशिरा आले. मोबाइलनं पिढी कशी बिघडली यावर बोलले आणि मधे आलेला फोन त्यांनी घेतला. शाल, नारळ, टाळ्या झाल्या. मग संचालकांनी माइक मुलीपुढे धरला. “बेटा, घरी सगळे मिळून कोणती गोष्ट वाचली, सांग बरं.”

मी खाली बसले होते. ती अडखळेल, बापाकडे बघेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी आशाच होती.

ती अडखळली नाही. खणखणीत आवाजात तिनं पिल्लू रस्ता कसं चुकलं ते सांगितलं, नदीही सांगितली. “मग त्याला त्याची आई भेटली,” ती पुस्तकी मराठीत म्हणाली. “आई म्हणाली, मोठ्यांचं ऐकावं आणि रोज अभ्यास करावा.”

सभागृह टाळ्यांनी भरलं. पाहुण्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. पुस्तक मी वाचलेलं आहे. त्यात पिल्लाला आई भेटत नाही, आणि अस्वलं अभ्यास करत नाहीत.

“कशी बोलली पोरगी! पाह्यलं?” यजमान शाल सावरत म्हणाले. त्यांना गोष्टीचा शेवट ठाऊकच नव्हता, त्यामुळे शंका येण्याचं कारणही नव्हतं.

‘संस्कार तास’ दिवाळीच्या सुट्टीत विरला. शाळेला त्यानंतर योगासनांचा शोध लागला. कापसाची वेचणी सुरू झाली आणि दुकान पुन्हा रिकामं पडलं. एका संध्याकाळी यजमान लवकर आले. हातपाय धुतले, कपाटातून पुस्तक काढलं आणि मुलीच्या शेजारी जाऊन बसले.

“चल, वाचू. त्या अस्वलाचं राह्यलं आपलं.”

तिनं वहीतून मान वर केली. “आता कायले, बाबा? कार्यक्रम तं झाला ना.”

“कार्यक्रमासाठी नाही. असंच.”

“असंच कोणी वाचते काय?”

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. रुसलेल्या पोरीची समजूत काढता येते. पण कोणाला वेळ सांगावी इतक्या साधेपणानं ती बोलली आणि पुन्हा गृहपाठ लिहू लागली.

त्यांनी पुस्तक मिटलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

“जमा करून टाक उद्या,” म्हणाले.