गाडी उघडायची कधी

खंडेराव मूळचा सटाण्याकडचा. तारापूरच्या वीजघराचं बांधकाम निघालं, तसा तो धर्माजीशेठच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून इकडे आला आणि उमरोळीला घरमालकीण माईंच्या परसातल्या खोलीत राहिला. बायको मैनाबाई दोन वर्षांमागे काविळीनं गेलेली. मूलबाळ नाही. मनोरकडच्या खाणीवर डबर भरायचा, वाघोबाची खिंड उतरून पालघर गाठायचं, तिथून बोईसरवरून तारापूर. दिवसाला दोन खेपा. खोलीवर तो येई तो फक्त पाठ टेकायला.

दसऱ्याच्या सुमारास पालघरच्या मारुती फिटरनं गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचललं आणि वरखाली धरून हलवलं. खट् खट् वाजलं.

"खंडेराव, किंगपिन गेलीय. ब्रेकचे लायनर पन कागद झालेत. गाडी उघडायला होवी. चार दिस लागतील. शेटला सांग."

"सांगतो," खंडेराव म्हणाला.

पण सांगितलं नाही. शेठ अडवणारे नव्हते, गाडीवर त्यांचा जीव होता. खंडेरावलाच ते चार दिवस नको होते. गाडी उभी राहिली म्हणजे खोलीत बसणं आलं. खोलीत मैनाबाईचं एक लुगडं दोरीवर घडी घालून तसंच होतं. त्याच्याकडे चार दिवस बघत कोण बसणार? आज सांगू, उद्या सांगू करता करता दिवाळी गेली. ब्रेक आता दोनदा दाबल्याशिवाय धरत नव्हता, आणि धरला की गाडी डावीकडे ओढ घेई. त्याचीही हाताला सवय झाली. दुखणं अंगवळणी पडतं, तसं.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी भरली गाडी खिंडीत चढली. शेवटच्या वळणावर समोर गुरं आली. खंडेरावनं पाय दाबला तर पॅडल पार तळाला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबल्यावर गाडी कशीबशी थांबली. वाघोबाच्या देवळापाशी तिला लावून त्यानं नेहमीप्रमाणे नारळ फोडला, खोबऱ्याची शेरणी देवापुढे ठेवली आणि मग चाकाजवळ गेला. करपल्याचा वास येत होता. हात लावला तर चटका बसला.

पुढे सगळा उतार. आणि ड्रायव्हर लोकांत रीत अशी, की वाघोबाला नारळ फोडला म्हणजे भरली गाडी खाली उतरवायचीच. तिथून माघार घेतली तर देव रुसतो.

मागून पुंजारामचा ट्रक आला. त्यानं खिडकीतून मान काढली. "काय खंडेराव, वाघोबाच्या दारात ठाण मांडलंस? नारळ फुटला ना?"

"फुटला. ब्रेक नाहीत माझ्या गाडीला."

"मंग दुसऱ्या गेरात सोड. देव बसलाय ना संभाळायला!"

"खाली बाजार भरलाय, पुंजाराम. पोरंबाळं असतील रस्त्यात."

"मला काय, तुझा तू बघ. पन देवाशी दगाबाजी बरी नाय हां!" म्हणत तो गेला.

खंडेराव देवळाच्या पायरीवर बसला. देवाला म्हणाला, "बाबा, चूक माझी हाय. नारळ तुला दिलाय, तो परत मागत नाही. पण ही गाडी भरलेली मी खाली नेणार नाही. रुसायचं तर माझ्यावर रुस."

मग गाडीचा मागचा फाळका सोडला आणि एकट्यानं डबर खाली टाकायला लागला. क्लिनर नव्हताच. दगडामागून दगड, रस्त्याच्या कडेला. बोटं सोलवटली. ऊन कलेपर्यंत गाडी रिकामी झाली. मग पहिल्या गेरात, बैलाच्या चालीनं, तो ती मारुती फिटरच्या दारात घेऊन आला.

निरोप गेला तसे धर्माजीशेठ सायकलवर आले. मारुतीनं चाक उघडून लायनर दाखवले. झिजून आतल्या रिबिटी उघड्या पडल्या होत्या.

"दसऱ्याला सांगितला होता मी," मारुती म्हणाला.

शेठ खंडेरावकडे वळले. "माला का नाय सांगितलास? मी तुला नको बोललो असतो काय?"

"नसता बोललात."

"मंग?"

खंडेराव सोललेली बोटं फडक्याला पुसू लागला. विधुर माणसानं आपल्या मालकाला सांगायचं तरी काय? शेठनी त्याच्या हातांकडे बघितलं. "कर रे मारुती, सगला नवीन घाल," एवढंच बोलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सवयीनं खंडेरावला पहाटे जाग आली. खाकी शर्ट चढवला, चहा केला, शर्ट उतरवून ठेवला, पुन्हा चढवला. परसात माई तुळशीला पाणी घालत होत्या. "आज गाडी नाही ना?" त्यांनी विचारलं. तो "नाही" म्हणाला आणि पालघरच्या वाटेला लागला.

मारुती दुकान उघडायला आला, तर हा ट्रकशेजारी फळीवर बसलेला. पुढची दोन्ही चाकं काढून गाडी ठोकळ्यांवर उभी.

"अरे, चार दिस सुट्टी ना तुला? घरी करमत नाय काय?"

"नाही करमत," खंडेराव म्हणाला. दोन वर्षांत हे त्यानं कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

मारुतीनं कुलूप काढलं. आतून रॉकेलचा डबा आणि ब्रश आणून त्याच्यापुढे ठेवला, आणि नटबोल्टची परात जवळ सरकवली.

"मंग हे धू. सावकाश धू. घाय नाय."