डबल बेल

नारायणराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि आठ दिवसांत त्यांना कळून चुकलं, की घरात आपलं कोणी ऐकत नाही. पस्तीस वर्षं त्यांनी "पुढे सरका" म्हटलं की बसभर माणसं सरकायची. सुलभाबाई मात्र जागच्या हलत नव्हत्या. वर म्हणायच्या, "रिकामेच बसून राह्यले तं मेथी निवडा." तेवढ्यात वडनेर भोलजीजवळ हायवेला बर्गरचं दुकान निघालं. गाडीतून न उतरता खिडकीतून पुडकं घ्यायचं. तिथं गाड्या हलवायला माणूस हवा होता. नारायणरावांना देवच पावला! लाल टोपी मिळाली, सहा महिन्यांनी पक्कं करायचं ठरलं.

मॅनेजर शंतनूनं काम समजावलं. "काका, हे घड्याळ पाहा. गाडी खिडकीशी आली की सुरू, हलली की बंद. नव्वद सेकंदांच्या वर गेलं की लाल. लाल झालं की वरून फोन."

"अन् माल तयार नसला तं?"

"म्हणून तर तुम्ही. गाडी पुढे अंगणात लावायची. म्हणायचं, दोनच मिनिटं, आणून देतो."

"पण गिऱ्हाईक तं तेवढंच थांबते ना बे?"

"ते घड्याळाला कुठं माहीत?"

नारायणराव गार झाले. त्यांची एसटी दोन-दोन तास उशिरा यायची, पण बिचारीनं वेळेवर आल्याचं सोंग कधी केलं नव्हतं.

तरी माणूस कामाचा. खिडकीशी उभ्या गाडीवर हातानं दोन थापा मारायच्या. डबल बेल, चला! आयुष्यभर एसटीत बसलेल्यांना ते शिकवावं लागतं काय? गाडी आपसूक पुढे. एक पठ्ठ्या तर तसाच, पुडक्याविना, मलकापूरला पोचला आणि तिथून त्यानं फोनवर शिव्या घातल्या. पण घड्याळाच्या हिशेबात दुकान विभागात पहिलं आलं. अंगणात मात्र उपाशी गाड्यांची जत्रा. आतल्या पोरांचे डोळे घड्याळावर, म्हणून खिडकीशी असेल त्याचं आधी. जो मुकाट पुढे गेला, त्याची भूक कोणी मोजत नव्हतं.

पक्कं व्हायला चार दिवस उरले होते, तेव्हा कंपनीच्या तपासणीच्या मॅडम पांढऱ्या गाडीतून खिडकीशी आल्या. "काका, आज लाल नको, तुमची नोकरी त्यांच्याच हाती," शंतनू कुजबुजला.

नेमका तेव्हाच अंगणातून शेषराव धावत आला. जीपमध्ये त्याची आई, अन्नपूर्णाबाई. "काका, माय शुगरची हाय. रक्त तपासाले सकाळपासून उपाशी ठेवली होती. अर्धा घंटा झाला, हात थरथरून राह्यले तिचे. तुमचे दोन मिनिटं कवा होतात?"

नारायणरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या जीपवर थापा त्यांनीच मारल्या होत्या.

ते खिडकीशी गेले. शंतनूच्या हातात गरम पुडकं होतं.

"काका, ते मॅडमचं आहे!"

"मले दिसते."

पुडकं हिसकून त्यांनी शेषरावच्या हातात कोंबलं. "पळ बे!" मग पांढऱ्या गाडीवर थाप मारली. एकच. सिंगल बेल, थांबा.

मॅडम थांबल्या. घड्याळ नव्वदवर गेलं, लाल झालं, दोनशे ओलांडून गेलं. शंतनूनं कपाळाला हात लावला.

"काका," मॅडम काच खाली करून म्हणाल्या, "तुमचं घड्याळ लाल झालंय."

"होऊ द्या बाई. तिकडं म्हातारी खाऊन राह्यली."

मॅडमनी वही काढली आणि त्यांचं नाव विचारलं. नारायणरावांनी आडनाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं नीट थांबत थांबत सांगितलं, चूक होऊ नये म्हणून.