तव्यावरची वाळू

आमच्या कारभारणीनं हयातीत कुणाला चांगलं म्हटलं नाही. भावानं नवं घर बांधलं, वास्तुशांतीला सगळे वाहवा करत होते. हिनं विचारलं, "दारं लागत्यात न्हवं?" लग्नानंतर माहेरी गेली तेव्हा आईनं विचारलं, नवरा कसा आहे? म्हणाली, "हाय."

वाईट मात्र तोंडावर आणि मोठ्यानं सांगायची. तरी आळीतल्या बायका नव्या लोणच्याची फोड पहिल्यांदा तिलाच चाखायला आणायच्या. ती काही बोलली नाही, तर खूश होऊन जायच्या.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी उद्यमनगरात ओतकामाच्या कारखान्यात होतो. शिक्षण सातवी. थोरली मुलगी इंजिनिअर झाली आणि तिनं परदेशात पुढचं शिकायचं काढलं. मार्क होते, परीक्षा दिली होती. अडलं ते दोन पानांवर. अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचं होतं, एवढ्या पोरांतून मलाच का घ्यावं म्हणून. तिनं लिहिलं ते कॉलेजातल्या सरांनी परत दिलं. म्हणाले, "ह्यावर कुणाचंही नाव घातलं तरी चालेल." मुदत संपत आली होती.

थोरली चुलीपाशी येऊन बसली. "आई, माझ्यात चांगलं काय हाय, सांग की."

"आपलं आपणच चांगलं लिवायचं? लाज हाय का न्हाय?"

"लिवल्याबिगर घेत न्हाईत."

"मग आण्णास्नी इचार. त्येंला सगळंच चांगलं वाटतंय."

मी म्हणालो, पोरगी हुशार आहे. थोरलीनं तेवढंसुद्धा लिहून घेतलं नाही.

मग भाकरी थापता थापता कारभारीणच सुरू झाली. "चांगलं काय सांगू? माझ्या भाकरीच्या तव्यावर कारखान्यातली वाळू भाजली हिनं! आधी तोलली, भाजून परत तोलली. महिनाभर ह्योच धंदा. गारगोटी गावचं पावणं हिला बघाय आलं, तर त्यास्नी म्हणती, जरा थांबा, वाळू उतरवाय झालीया. कोण करंल असली सून?"

खरं होतं. आमच्याकडं लोखंड ओतलं की मालात भोकं पडायची. साच्याची वाळू जास्त ओली पडते, असं थोरलीचं म्हणणं. किती ओली, ते ती तव्यावर बघत होती. तिनं सांगितल्यावर आम्ही पाणी कमी केलं आणि भोकं कमी झाली. मी हे बोललो, तर कारभारीण म्हणाली, "आणि तव्याचं काय?"

थोरली उठली आणि तव्यासकट सगळं लिहून काढलं. मोडलेली सोयरीकसुद्धा. सरांनी त्यातली एक ओळ खोडली नाही.

प्रवेश मिळाला, तेव्हा कारभारणीनं विचारलं, "घेतली? चौकशी न करता?" वर शिष्यवृत्तीही देतायत म्हटल्यावर ती गप्पच बसली. ते बघून शेजारणीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "वैनींची तब्येत बरी हाय न्हवं?"

स्टँडवर मुंबईची गाडी हलली. पोरीनं खिडकीतून हात केला. ही म्हणाली, "केस नीट बांधल्यालं न्हाईत." घरी येईपर्यंत तेच म्हणत होती.

कारभारीण गेली त्याला वर्ष होत आलं. थोरली तिकडून फोन करते, "आण्णा, जेवण जमतंय का?" मी म्हणतो, छान जमतंय. ती म्हणते, "बरं."

तिच्या आईनं एवढ्यावर ऐकून घेतलं नसतं. पातेल्यावरचं झाकण काढून बघितलं असतं.