गिरणीच्या माडीवरचा सुदाम

सन १९९६. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि हिंगोलीकडच्या गोरेगावात माझी पिठाची गिरणी होती. शाळा चौथीत सुटली, पण गिरणी स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली, म्हणून कुणाचं ऐकून घ्यायची सवय मला नव्हती. त्या साली तांड्यावरचा सुदाम राठोड खांद्यावर टीव्ही घेऊन आला आणि गिरणीवरची माडी भाड्यानं मागू लागला.

"कशाला पायजे?" मी विचारलं.

"पोरांना टीव्हीवर खेळ लावून द्यायचाय, आबा. बटन दाबलं की आतला मानूस पळतो."

"आन् त्यातून तुला काय भेटतं?"

"शिकून राहिलो."

हे उत्तर मला पटलं नाही, पण माडी मी दिली.

बाजारच्या दिवशी माडी पोरांनी गच्च भरायची. सुदाम मात्र टीव्हीकडं पाहतच नसे. भिंतीला टेकून खेळणाऱ्या पोराच्या अंगठ्यांवर नजर ठेवून बसे. मी एकदा म्हणालो, "अरे, खेळ तिकडं चाललाय." तर म्हणाला, "न्हाई आबा, खेळ इथं हाय. अंगठा अडला की समजायचं, बनवनारा चुकला." त्याला खेळ लावायचे नव्हते, बनवायचे होते, हे मला तेव्हा कळलं. मी हसलो. तो हसला नाही.

त्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळा लागला की परतायचे. त्याचं अर्धं बालपण उसाच्या पाचटाच्या खोपीत गेलं. मुकादम मजुराला माणूस म्हणून मोजत नाही, कोयता म्हणून मोजतो. तांड्यातून यंदा किती कोयते येणार, एवढंच विचारतो. सुदामनं नांदेडला राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास जुना कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन आला. तांड्यातलं एक पोरगं त्यानं हाताशी धरलं, चित्रं काढायला शिकवलं. त्या दिवाळीला ते पोरगं उसाला गेलं नाही. सुदाम खाली येऊन मला म्हणाला, "एक कोयता कमी झाला, आबा." पुढं दर नव्या पोरामागं तो मला हेच म्हणायचा.

मग गावोगाव मोबाइल आले. बटनाच्या फोनात मावतील असे छोटे खेळ बनवायचं पुण्याच्या एका कंपनीचं काम त्याला मिळालं. माडीवर कॉम्प्युटर वाढले, पोरं वाढली. कोणी चित्रं काढायचं, कोणी हिशेब बसवायचं, कोणी आवाज धरायचं. माझ्या गिरणीच्या पट्ट्याचा आवाज त्यांनी एका खेळात आगगाडी म्हणून घातला. मला विचारलंही नाही. खेळ तयार झाला की सीडी घेऊन एक जण जीपनं हिंगोलीला जाई आणि तिथल्या इंटरनेटच्या दुकानातून पुण्याला पाठवी.

पाठवण्याआधी प्रत्येक खेळ माझ्या हातात यायचा. काही सांगायचं नाही, नुसता फोन द्यायचा, ही सुदामची रीत. "आबाला कळला म्हंजे मुलखाला कळला," असं तो पोरांना बजावायचा. एका खेळात पोरगा अंगणातून पळत होता, कोंबडी आडवी आली, पोरगा तिला शिवला आणि मेला. मी फोन पिठाच्या पोत्यावर आपटला.

"कोंबडीला शिवून मानूस मरतो व्हय रे?"

"खेळ हाय आबा," एक पोरगं बोललं.

"मग तूच खेळ. मी न्हाई मरत कोंबडीनं."

सुदाम पोरांकडं वळला. "कोंबडी काढा, इंचू टाका. आबाला रागानं मरू द्यायचं न्हाई आपल्याला." त्या दिवशी मात्र तो हसला.

सन २००६ ला पुण्याचे एक साहेब माडी बघायला आले. ते बसले तेवढा वेळ लाईट नव्हती. भारनियमनाचे दिवस होते ते, करंट कधी येईल आणि कधी जाईल याला धरबंध नव्हता. साहेब घाम पुसत म्हणाले, "सुदाम, काम चांगलं आहे. पण दर वेळी उशीर. तुम्ही पुण्याला या. दोघंतिघं हुशार मुलं निवडून सोबत आणा."

"निवडायला काय वांगी हायत का, साहेब?"

"मग पुढचा खेळ दिवाळीनंतरच्या शुक्रवारी दुपारपर्यंत पोचला पाहिजे. नाही पोचला तर यापुढं काम देता येणार नाही."

साहेब गेल्यावर मी त्याला म्हणालो, "जा की पुण्याला. भलं होईल." तो म्हणाला, "मी गेलो की मुकादम पोरं न्यायला माडीवर चढतो, आबा."

दिवाळी झाली. तांड्यात मुकादमाचा ट्रक येऊन उभा राहिला. माडीवरच्या पोरांचे आईबाप सामान बांधून वाट बघत होते, काम टिकलं तर पोरं मागं ठेवायची, नाहीतर सोबत न्यायची. गुरुवारी खेळ होत आला होता, दोनतीन तासांचं काम राहिलं होतं. बॅटऱ्या संपलेल्या. दुपारी गावात लाईट आली, पण आमच्या रांगेत आली नाही. डीपीवरचा, म्हणजे आमच्या रांगेच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडाला होता. लाईनमन सेनगावला गेलेला.

आमच्याकडं लाईनमनची वाट कोणी बघत नाही. डीपीचा दांडा खाली ओढून करंट तोडायचा, वर चढायचं, तारेचा तुकडा फ्यूजमध्ये बसवायचा. सगळेच करतात. सुदामनंही पुष्कळदा केलेलं. त्यानं दांडा ओढला, तार दातात धरली आणि चढला. दांडा खाली आला होता, पण वर तिन्ही पाती सुटायला पाहिजेत, त्यातलं एक गंजून तसंच चिकटून राहिलं होतं. खालून ते दिसत नाही.

पोरं ओरडली तेव्हा मी ज्वारी दळत होतो. मी पोचलो तोवर तो खाली पडलेला होता. हात काळा झाला होता. त्याला जीपमध्ये घातलं, पण हिंगोलीच्या वाटेवरच सगळं संपलं होतं.

संध्याकाळी लाईनमन आला आणि त्यानं लाईन जोडली. माडीच्या खिडकीत उजेड पडला. वर कोणी गेलं नाही.

तांड्यात त्याची आई जमिनीवर बसली होती. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "उसाला नेलं असतं तर जिता ऱ्हायला असता माझा लेक." मी मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदा घातली असेल.

शुक्रवार गेला. खेळ पोचला नाही. दोन पोरं पुढं पुण्याला लागली, बाकीची त्याच आठवड्यात ट्रकमध्ये बसली. माडी मी पुन्हा कुणाला दिली नाही.

पण हे सगळं नंतरचं. सुदाम गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुऱ्हाड घेऊन ओढ्यावर गेलो, वेडी बाभूळ तोडली आणि काटे ओढत डीपीपाशी आणले. चारी बाजूंनी रचू लागलो. हातातून रक्त आलं. लोक जमले.

"आबा, सरकारी डीपी हाय. तुमी काहून काटे घालून राहिले?"

मी पुढची फांदी रचली.

"आन् उद्या फ्यूज उडाला तर आमी कसं करावं?"

"अंधारात बसा," मी म्हणालो, आणि आणखी काटे आणायला ओढ्याकडं गेलो.